बोडके कांदे

सारा, इम्रान, तुमच्या घरी कांदे लाल जाळीच्या पिशवीत येतात हे मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं आहे. सगळे एका मापाचे, शेंड्याला बरोबर छाटलेले. परवा सारा ती पिशवी कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाली, "दादी, बघ, इथेही पांढरे मिळतात!" मी "छान" म्हटलं आणि तुमच्या परीक्षेची चौकशी सुरू केली. तुम्हाला वाटलं असेल, दादीला नीट ऐकू आलं नाही. ऐकू चांगलं आलं होतं. पण छाटलेल्या कांद्यांकडे या वयातही मला सरळ बघवत नाही. त्याचं कारण फोनवर सांगण्याजोगं नाही, म्हणून लिहिते आहे.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. मुंबईच्या कॉन्व्हेंटमधून शाळा संपवून आले होते आणि कॉलेजात नाव घालायचं होतं, तेवढ्यात अम्मी विहिरीच्या पायरीवरून घसरली. तिचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. अब्बा कुवेतला होते. घर सांभाळायला मी एक वर्ष गावी थांबावं असं ठरलं. आपलं घर खाडीपासून थोडं वर, अलिबागच्या अलीकडे. पुढे ओटा, मागे नारळाची वाडी आणि वाडीपलीकडे गोड्या पाण्याच्या विहिरीखालचा जमिनीचा तुकडा. मला शिस्तीची फार आवड. शाळेत नन्सनी लावलेली आणि मुळातही असलेली. आल्या आल्या मी अम्मीच्या मसाल्याच्या बरण्यांना चिठ्ठ्या डकवल्या. अम्मी पलंगावरून बघत होती. म्हणाली, "हळद हळदीसारखी दिसते, झुबेदा. तिला नाव सांगायची गरज नाही." पण चिठ्ठ्या तिने काढू दिल्या नाहीत.

त्या घराचे आवाज मला अजून क्रमाने आठवतात. पहाटेची अजान, मग रहाटाची करकर, मग शेजारून तांदळाच्या भाकऱ्या थापल्याचा आवाज. शेजारी म्हणजे आमच्या वाडीच्या कुंपणापलीकडे धर्माकाका, द्वारकामावशी आणि त्यांची मुलगी काशी. काशी माझ्याच वयाची. सुट्टीत आले की मी दिवसभर तिच्याबरोबर. त्यांच्याकडे सकाळची न्याहारी ठरलेली: भाकरी, तव्यावर परतलेला जवळा आणि मुठीने फोडलेला पांढरा कांदा. तो कांदा सुरीने कापायचा नाही. पाटावर ठेवायचा, मूठ मारायची, पाकळ्या सुट्या होतात. गोडसर असतो, डोळ्यांत पाणी येत नाही. आमच्याकडे अम्मीचे घावन आणि नारळाचं दूध असायचं, पण मी बशी घेऊन कुंपण ओलांडायचे.

त्या वर्षी मात्र पलीकडची न्याहारी बदलली होती. आदल्या पावसाळ्यात उधाणाने खाडीचा बांध फोडला होता आणि खारं पाणी धर्माकाकांच्या भातशेतात शिरलं होतं. एकदा खारं पाणी शिरलं की जमीन धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. तोवर तिथे भात होत नाही. त्यांच्या घरात कोपऱ्यात बांबूची, शेणाने सारवलेली मोठी कणगी होती. वर्षाचा तांदूळ त्यात राहायचा. द्वारकामावशी जाता-येता तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करायची. भरलेली कणगी ठप्प वाजते. ती त्या वर्षी टमटम वाजत होती. भाकरी अर्धी झाली होती. मला ते तिसऱ्या दिवशी कळलं, काशी "मला भूक न्हाय" म्हणाली तेव्हा. काशीला भूक नाही हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

उरणला मिठागरावर काम करणारा द्वारकामावशीचा भाऊ येऊन गेला होता. तिकडे या, झोपडी मिळेल, तिघांनाही काम मिळेल, असं म्हणत होता. धर्माकाका सरळ माणूस. ते ओट्यावर येऊन अम्मीला म्हणाले, "बीबी, शिमग्यापर्यंत बघतो. शिमग्याला कणगी भरली तर हितं. न्हायतर मीठ." अम्मीने काही विचार न करता मागचा तुकडा त्यांना कसायला दिला. अट एकच घातली: विहिरीचं पाणी आधी घरात, मग वाफ्यात. काशी मिठागरावर जाणार या कल्पनेने मला काय वाटलं ते मी लिहीत नाही. मिठागरावरच्या बायकांच्या पायांच्या भेगा मी पाहिल्या होत्या. मी ठरवलं की ती जाणार नाही. सतरा वर्षांच्या मुलीला असं ठरवायला काहीच लागत नाही. (त्या मिठागरांच्या बाजूला आता न्हावा शेवाचं बंदर आहे. तुम्ही पाठवलेली खोकी तिथेच उतरतात.)

त्या तुकड्यात कांदा लावला. आमच्याकडचा पांढरा कांदा भात निघाल्यावर, थंडीत होतो. रोप आधी छोट्या वाफ्यात करायचं, मग एकेक काडी उपटून लावायची. मी शाळेची फूटपट्टी आणि सुतळी घेऊन गेले. दोन खुंट्या रोवून सुतळी ताणली आणि ओळीत लावायला सांगितलं. द्वारकामावशी कमरेवर हात ठेवून हसली. "कांदं काय परेडला उभं करतंस गो बाय?" पण लावले ओळीत, आणि खुरपायला सोपं गेलं हे तिने पुढे स्वतःच कबूल केलं. इथेच माझं डोकं फिरलं असावं. सुतळीचं बरोबर आलं, तेव्हा मला वाटलं माझं सगळंच बरोबर येणार.

तीन महिने मी रोज सकाळी अम्मीचं आवरून वाफ्यात जायचे. धर्माकाका रहाटावर बैल फिरवायचे, गाडग्यांतून पाणी पाटात पडायचं, काशी आणि मी वाफ्यांची तोंडं फोडायचो आणि बुजवायचो. काशी माझ्या हातांकडे बघून म्हणायची, "इंग्रजी हात. पानी पन शुद्धलेखनात सोडतंय." माघाच्या सुरुवातीला पात पिवळी पडून आडवी झाली. कांदे उपटले आणि शेतातच पसरून ठेवले, पात सुकायला. कांदे मोठे नव्हते, पण दुधासारखे पांढरे आणि खूप होते. धर्माकाका त्या पसाऱ्याकडे बघून पहिल्यांदा बिडी न पेटवता नुसते उभे राहिले.

त्याच वेळी द्वारकामावशीच्या बहिणीच्या घरी लग्न निघालं. तिघं दोन दिवसांसाठी हळदीला गेली. जाताना मावशी मला म्हणाली, "बाय, कावळ्या-बकऱ्यांवर नजर ठेव. आल्यावर बसू आपन." कशाला बसू, ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरज तिला वाटली नसणार. हळदीला नाव लागत नाही तसं.

माझ्याकडे बक्षीस मिळालेलं बागकामाचं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात कांद्यांचं चित्र होतं: लाकडी पेटी, तिच्यात एकसारखे कांदे, पात शेंड्यापासून स्वच्छ कापलेली. खाली लिहिलं होतं की साठवण्यापूर्वी पात छाटावी. मी शेतात पाहिलं तर कांदे चिखलाळलेल्या वाळक्या पातीत गुरफटून पडलेले. मला वाटलं, ही माणसं थकून येतील, तेव्हा सगळं तयार बघून किती आनंद होईल. अम्मीची शिवणाची कात्री घेतली आणि बसले. दोन दिवस. पाठ मोडली, अंगठ्याला फोड आले. कांद्याच्या अगदी मानेशी कापत होते, चित्रातल्यासारखं. मान अजून ओली होती, चिकट पाणी यायचं. मला ते ताजेपणाचं लक्षण वाटलं. कापलेली पात आमच्या बकऱ्यांना घातली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन भागांतले दोन भाग झाले होते आणि मी त्यांचे मापाप्रमाणे ढीग लावले होते. लहान, मध्यम, मोठे.

ती तिघं आली तेव्हा मी ओढणीने घाम पुसत हसत उभी होते. काशीच्या तोंडाला अजून हळद लागलेली. ती धावत आली आणि थांबली. द्वारकामावशी मागून आली. तिने एक कांदा उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग इकडेतिकडे बघितलं.

"पात कुठं हाय?"

"बकऱ्यांना घातली," मी म्हणाले. "सगळी साफ केली मावशी. दोन दिवसांत."

ती बांधावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. अगदी हळू, जणू खरंच उत्तर हवं आहे अशी, तिने मला विचारलं, "मग गो बाय, माळ कशाची इनू?"

तेव्हा मला आठवलं. अलिबागच्या रस्त्याला बांबूवर टांगलेल्या त्या माळा मी लहानपणापासून पाहत होते. आमच्या माळ्यावरही दोन असायच्या. पण त्या कशाने बांधलेल्या असतात याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या पातीच्याच असतात. सुकलेल्या पातीची तीनपेडी वेणी घालतात आणि प्रत्येक वळणाला एकेक कांदा आत घेतात. माळ टांगली की वारा लागतो आणि कांदा पावसापर्यंत टिकतो. माळ असली की गिऱ्हाईक ओळखतं की हा आपल्याकडचाच कांदा. आणि ओल्या मानेशी कापलेला कांदा तिथूनच कुजतो. व्यापारी फक्त माळा घ्यायचा. हे सगळं गावातल्या पाच वर्षांच्या पोरीला ठाऊक होतं. मला पेटीचं चित्र ठाऊक होतं.

मावशीने माझी एक वेणी हातात घेतली, हलकेच ओढली. "ही जर कुनी मुळापासून कापली असती तर?" एवढंच. धर्माकाका म्हणाले, "जाऊ दे. पोरीनं कष्ट केलं. तुझ्या भावाला निरोप धाडतो." काशीने पाठ फिरवली. ती घरात गेली, आणि जाताना तिने कणगीवर टकटक केलेलं मला बाहेर ऐकू आलं.

मी घरी येऊन स्वयंपाकघरात बसले. रडू येत होतं आणि समोर चिरायला कांदे होते, पण पांढरा कांदा हा असा; तो डोळ्यांना काही करत नाही. त्यामुळे अम्मीला सांगायला काही बहाणाच नव्हता. तिने कुबडी टेकत येऊन विचारलं, मी सांगितलं. मग मीच म्हणाले, "सडायच्या आत हे कांदे विकावे लागतील. सुटे. मी अलिबागच्या बाजारात बसते."

अम्मीने कुबडी भिंतीला टेकवली. आपल्या घरची बाई तोवर बाजारात खरेदीलाही क्वचित जायची. अब्बांना कळलं तर काय, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मग तिने वेगळाच प्रश्न विचारला.

"कापले कोणी?"

"मी."

"मग बस जा. डोक्यावर ओढणी नीट घे. आणि माझी छत्री ने, ऊन फार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी दोन टोपल्या घेऊन निघाले. कंडक्टर टोपल्या टपावर चढवत असताना काशी पळत आली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्याशी न बोलता. अर्धा रस्ता गेल्यावर म्हणाली, "एकटी बसलीस तर कांद्याचा भाव इंग्रजीत सांगशील." मग मला कळलं की ती माझ्याशी बोलते आहे.

बाजारात कांदेवाल्या बायका ओळीने बसलेल्या. पाठीमागे बांबू, बांबूवर माळा. आम्ही शेवटी जागा धरली, गोणपाट अंथरलं, कांदे मांडले. मी अर्थातच ओळीत मांडले. शेजारची म्हातारी वाकून बघत म्हणाली, "अगो बया! न्हाव्याकडं धाडलं व्हतं काय यांना?" दुसरी म्हणाली, "बोडकं कांदं गो! लग्नाच्या घरात नेऊ नका, अपशकुन व्हईल." सगळी ओळ हसली. तो शब्द दुपारपर्यंत बाजारभर झाला. बोडके कांदे. गिऱ्हाइकं यायची, एक उचलायची, ठेवायची. "माळ न्हाय? मग हा आपला कशावरून? बाहेरचा असल." मी समजावून सांगत होते की हा इथलाच आहे, मी लावला, मी कापला, आणि जितकं सांगत होते तितका कोणाचा विश्वास कमी होत होता. संध्याकाळच्या एसटीने दोन्ही टोपल्या जवळपास तशाच परत आल्या. घरी ढिगातले काही कांदे मानेशी मऊ लागायला लागले होते. आम्ही ते निवडून बाजूला केले. काशी प्रत्येक कुजका कांदा उचलताना नुसतं "हम्म" म्हणायची. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. त्या सकाळी एका गृहस्थाने कांदा उचलून नाक मुरडलं. "हा तिखट असणार. डोळे झोंबतील." मला काय झालं कोणास ठाऊक. आमच्या शाळेत रस्त्यावर खाणं हा मोठा गुन्हा होता. चॉकलेट खाल्लं म्हणून मी एकदा तासभर उभी राहिले होते. मी त्याच्या हातातला कांदा घेतला, दगडावर ठेवला, मूठ मारून फोडला आणि पाकळी तोंडात टाकली. चावले. दुसरी टाकली. मग त्याच्याकडे सरळ बघत म्हणाले, "बघा माझे डोळे. आहे पाणी?"

तो बघतच राहिला. शेजारची म्हातारी म्हणाली, "खातंय तर बीबीची पोर!" काशीने लगेच सूर धरला. ती पोरगी बोलण्यात कुणाला हार जाणार? "या दादा, या वयनी! रडायला आलं तर कांदा फुकट! माळ खायची हाय का कांदा खायचा हाय?" लोक थांबले. मी त्या दिवशी इतके कच्चे कांदे खाल्ले की आठवडाभर अम्मीने मला दोन हात लांब बसवलं. दुपारी एसटी स्टँडजवळच्या खानावळीची मालकीण आली. जाड, हातात पितळी बांगड्या. तिने स्वतः एक फोडून खाल्ला, मानेकडे बघितलं, म्हणाली, "मला काय माळ गळ्यात घालून मिरवायची हाय? रोज चिरायचाच हाय. उलट पात काढायचं काम वाचलं. रोज सकाळी एक टोपली टाक. पन कुजका निघाला तर त्याच टोपलीत तुला बसवीन."

त्यानंतर तीन आठवडे आम्ही दोघी रोज पहिल्या एसटीने गेलो. घरी रोज संध्याकाळी ढीग उलथायचा, मऊ झालेले काढायचे, उद्याचे निवडायचे. चारातला एक तरी कांदा माझ्या कात्रीने गेला, हे मी लपवत नाही. पण बाकीचे विकले गेले, आणि खानावळीपासून तांदळाचं दुकान हाकेवर होतं. परतताना टोपलीत कांद्यांच्या जागी तांदूळ यायचा. तिसरा भाग, ज्याला माझी कात्री लागली नव्हती, त्याच्या माळा झाल्या. ओट्यावर बसून मावशीने मला शिकवलं. पेंढा थोडा ओला करून पातीत घालायचा, म्हणजे ताकद येते. कांदा आत घेतला की अंगठ्याने दाबायचा. "केसांवानी इन. ओढू नको, पन सैल पन सोडू नको," ती म्हणायची. माझी पहिली माळ आढ्याला टांगली आणि सुटून सगळे कांदे धर्माकाकांच्या डोक्यात पडले. तेव्हा मावशी त्या प्रसंगानंतर पहिल्यांदा हसली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

शिमग्याच्या दोन दिवस आधी उरणहून मावशीचा भाऊ आला, त्यांना न्यायला. बोचकी बांधलेली असतील अशा हिशेबाने आला होता. धर्माकाका त्याला घरात घेऊन गेले. मी आणि काशी दारात उभ्या. काकांनी कणगीवर पेराने ठोकलं, खालून सुरुवात करून वर वर. ठप्प. ठप्प. ठप्प. अगदी वरच्या वीतभर जागेत टमटम वाजलं. ते तिथे थांबले, परत एकदा ठोकलं, आणि मेव्हण्याला म्हणाले, "एवढं कमी हाय. तेवढं आमी कमी खाऊ. शिमगा हितंच खेळू."

मी पुढे कॉलेजला गेले, लग्न झालं, मुंबईत राहिले, आणि तुमचे दादा गेल्यावर इथे परत आले, ते तुम्हाला ठाऊक आहे. धर्माकाकांची जमीन, आता ती काशीची आहे, तीन पावसाळ्यांनी धुऊन निघाली. भातही होतं आणि त्या मागच्या तुकड्यात कांदाही होतो. दर वर्षी पहिल्या वाफ्याचे थोडे कांदे ती सुटेच विकते, खानावळींना. ती पद्धत आता गावात बऱ्याच जणी वापरतात, आणि त्या कांद्यांना अजून "बोडकं" म्हणतात. कुणाला का ते माहीत नाही.

आणि दर फाल्गुनात काशीकडून मला एक माळ येते. मी मुंबईत होते तेव्हाही यायची, कुणाच्या ना कुणाच्या हाती. माळेच्या अगदी शेवटी, दोऱ्याने बांधलेला एक कांदा असतो. मानेशी कापलेला. यंदा काशीची बोटं वाकली, म्हणून माळ तिच्या सुनेने विणली. या वर्षीची माळ सून घेऊन आली आणि मला जरा ओशाळून म्हणाली, "दादीबी, एक कांदा कसा काय कापला गेला कळंना. मी काढनार व्हते. पन आयनी शपथ घातली, हात लावू नको म्हनून."

मी तो दोरा सोडवला, कांदा पाटावर ठेवला आणि मूठ मारली. तो आधी खायचा असतो. तो टिकत नाही.